सरळ केलेली गाडी

लोहाराच्या सुनेने घण हातात घेतला तो काही हौसेने नाही. नवरा खाटेवर पडला, सासऱ्याला एकट्याला काम उरकेना आणि खाणीवरच्या बोथट पहारी नि छिन्न्या पोत्या-पोत्यांनी दारात येऊन पडू लागल्या. डोंगराच्या पायथ्याने नवा रस्ता चालला होता. त्याला खडी लागत होती, म्हणून खाण दिवसभर धडधडत होती. दगडाशी झुंजणारी हत्यारं दिवस मावळेपर्यंत तोंड पाडून बसतात. त्यांना पुन्हा टोक काढायचं तर एकाने तापलेलं लोखंड सांडशीत धरावं लागतं आणि दुसऱ्याने त्यावर घण घालावा लागतो. दुसरं कोण होतं घरात? तिने पदर खोचला आणि घण उचलला.

या कामात बोलायला सवड नसते. म्हातारा हातातल्या लहान हातोडीने लोखंडावर टक् करतो, आणि तो जिथे टक् करील तिथेच घण पडावा लागतो. हातोडी लोखंड सोडून नुसत्या ऐरणीवर वाजली की थांबायचं. बस, एवढीच भाषा. पण सुरुवातीला तिला ही थांबण्याची खूण ऐकूच यायची नाही. कानात घण घुमत असायचा, डोळ्यांत घाम उतरलेला असायचा, आणि ती आपली घालतच राहायची. मग भिंतीपलीकडून नवरा खाटेवरून ओरडायचा, "अगं, थांबायला सांगतायत ते!"

मिसरूड फुटल्यापासून घण घातलेला माणूस तो. भिंतीआडूनही त्याला आवाजावरून कळायचं की घाव कुठे पडला आणि कुठे पडायला हवा होता. उजव्या पायात गुडघ्याखाली लोखंडी सळी घातलेली, पाय उशीवर ठेवलेला, आणि कान सगळा भट्टीकडे. बायको चुकली की तो चिडायचा, बरोबर घातलं की जास्तच चिडायचा.

त्याला मागून डंपरने उडवलं होतं. खाणीच्या रस्त्यावरून टोक काढलेल्या छिन्न्या पोचवून तो मोटारसायकलवरून परत येत होता. आरशात एक पिवळं तोंड दिसलं आणि मग काही दिसलंच नाही, एवढंच त्याला सांगता येत होतं. पिवळे डंपर त्या भागात एकट्या खाणवाल्याचे. डंपर थांबला नाही. नंतर डायव्हरही दिसेनासा झाला. गावी गेला म्हणे, आई आजारी आहे म्हणे. पोलिसांनी लिहून टाकलं की हा खडीवरून घसरून आपला आपण पडला. मोटारसायकल बघायला पोलीस आला तेव्हा ती दारात सरळ उभी होती, मागचा दिवा नवा कोरा, मडगार्ड चकचकीत. मागून धडक बसलेली गाडी अशी असते का? त्याने विचारलं आणि तिथेच वही मिटली.

गाडी सरळ केली होती म्हाताऱ्याने. हॉस्पिटलातून घरी आल्यावर सुनेने ती पाहिली तेव्हा तिला वाटलं, बिचाऱ्याने रात्रीचा दिवस करून केली असेल. लोहाराला वाकडं लोखंड डोळ्यांसमोर बघवत नाही. खिळा वाकडा दिसला तरी उचलून ठोकून ठेवणारा माणूस. ती तेव्हा म्हणालीसुद्धा, "मामा, कशाला एवढा जीव काढला?" आणि म्हातारा म्हणाला होता, "पोरगा घरी येईल, त्याला तसली गाडी दिसायला नको." तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढे हेच आठवलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

वकील गाठायचा हे तिनेच ठरवलं. डॉक्टरने सांगितलं होतं की पाय बरा होईल, पण त्या पायावर भार टाकून घण घालणं विसरा. म्हणजे घर विसरा. याची भरपाई कुणी करायची? ज्याने पाय मोडला त्याने. यात तिला काही अवघड वाटत नव्हतं.

तालुक्याच्या कोर्टाबाहेर वकील काही कमी नव्हते. पहिल्याने तिला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं, "ताई, ताई" केलं, आणि खाणवाल्याचं नाव निघताच पेनाला टोपण लावलं. त्यांची कामं म्हणे तोच बघत होता. दुसऱ्याने तर दारातच कानावर हात ठेवले. तिसरा म्हणाला, माझ्या घराचा पाया त्यांच्याच खडीचा आहे, आणि आपल्याच विनोदाला खो खो हसला. एकाने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान डोलावली आणि सांगितलं की खाणवाला माणूस वाईट नाही, जाऊन पाया पडा, काहीतरी देईल. ती तिथून उठली तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पाय मोडायचा त्यांनी आणि पाया पडायचं आपण! दिवसभर काळे कोट बघून बघून तिला घरी भट्टीतल्या कोळशाचासुद्धा राग येऊ लागला.

"सोड नाद," नवरा म्हणाला. "तुझ्याकडे कुणी बघतही नाही तिथे."

"बघतात की. चांगले खालून वरपर्यंत बघतात. घण घालणारी बाई बघितली नसेल कधी."

"मग जातेस कशाला?"

"तू चालत जा, मी नाही जात."

हे बोलायला नको होतं. तो भिंतीकडे तोंड करून पडला आणि संध्याकाळपर्यंत त्या कुशीवरून हलला नाही.

शेवटी एक वकीलबाई सापडली. झेरॉक्सच्या दुकानामागे एक खोली, खोलीत एक टेबल, टेबलावर उघडा डबा. बाई जेवत होती आणि जेवता जेवताच खेकसली, "आत या, दारात उभं राहून उजेड अडवू नका." सून आणि म्हातारा दोघं आत जाऊन बाकावर टेकले. म्हाताऱ्याला तिने मुद्दाम आणलं होतं. बाईमाणूस एकटी आली की हे लोक निम्मं ऐकतात, हे तिला आता कळून चुकलं होतं.

बाईने घास चावत चावत सगळं ऐकलं. खाणवाल्याचं नाव आलं तरी तिचा घास थांबला नाही. सुनेला बरं वाटलं.

"गाडी कुठंय?"

"घरी."

"हात लावू नका तिला. फोटो काढून घेऊ. मागून कशी चेपलीय ते दिसलं की..."

"चेपलेली नाही," सून म्हणाली. "मामांनी सरळ केली."

बाईने डब्याचं झाकण लावलं. "सरळ केली म्हणजे?"

"मी लोहार आहे," म्हातारा म्हणाला. त्याला वाटलं एवढं पुरे.

"अहो आजोबा, लोहार असा नाहीतर राजा असा, अपघातातली गाडी कुणी ठोकून सरळ करतं का? तुमच्या मुलाच्या बाजूने बोलणारं जगात एकच होतं, ती गाडी. तुम्ही तिचंच तोंड बंद केलंत!"

म्हातारा कावराबावरा झाला. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. मग एकदम काहीतरी सुचल्यासारखा पुढे सरकला. "पुन्हा वाकवून देतो. होती तशी. कॅरिअर कुठे मुडपलं होतं, चाक कसं वाकलं होतं, सगळं ध्यानात आहे माझ्या. उद्या आणून दाखवतो."

सुनेला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वकीलबाईने डबा बाजूला सारला.

"हे या खोलीबाहेर बोलू नका," ती म्हणाली. "नाहीतर तुम्हालाच आत जावं लागेल. वाकवायची नाही, आजोबा. सांगायची. ध्यानात आहे ना? मग कोर्टात उभं राहून सांगा. मागून काय काय मोडलं होतं, तुम्ही काय सरळ केलंत, नवे भाग कुठून आणलेत. जुने कुठे गेले. तुम्हीच साक्षीदार. तुम्ही बोलणार असाल तर मी केस घेते. नाहीतर माझा आणि तुमचा दोघांचा वेळ फुकट."

म्हातारा टोपीची घडी नीट करू लागला.

"नवे भाग कुठून आणलेत?" बाईने पुन्हा विचारलं.

"असंच... ओळखीतून."

"कुणाच्या?"

"पोराला बरं वाटावं म्हणून केलं मी," म्हातारा म्हणाला आणि उठला. "आमचं काम पडून राहिलंय. येतो."

परतीच्या एसटीत सून खिडकीकडे तोंड करून बसली. कुठून आणले असतील नवे भाग? हा प्रश्न तिला आजवर पडलाच नव्हता. मडगार्ड, दिवा, शॉकअब्सॉर्बर. दुकानात पाऊल न टाकणारा माणूस. आणि त्या दिवसांत घरात चहाला साखर नव्हती.

"मामा, कुणी दिलं ते सामान?"

म्हातारा म्हणाला, "उन्हात डोकं दुखायला लागलंय."

घरी आल्यावर तिने चूल पेटवली, नवऱ्याला उठवून बसवलं, त्याचा पाय पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याने भट्टी फुलवली, पहार तापवली, लाल झालेली ऐरणीवर आणली आणि हातोडीने टक् केलं. घण पडला नाही. त्याने मान वर केली. सून उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती.

"लोखंड गार होतंय," तो म्हणाला.

"होऊ दे."

"अगं, खाणीची पोती पडलीत."

"वकीलबाईंकडे येता का ते सांगा. मग घण उचलते."

म्हाताऱ्याने एकट्याने करून बघितलं. डाव्या हातात सांडशी, उजव्या हाताने हातोडी. एक छिन्नी निघाली कशीबशी. पहारीला हातोडी म्हणजे गुदगुल्याच. दुपारी तो छाती चोळत बसला. तिला दया आली आणि दया आल्याचाच राग आला. तिने पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर जरा जोरातच ठेवला. काही दिवस हे असंच चाललं. पोत्यांवर पोती चढली. दारातून आत यायचं तर आडवं होऊन यावं लागे. आत नवऱ्याला ऐकायला काही नव्हतं, तर तो छताकडे बघत पडायचा.

मग खाणीवरचा मुकादम आला. पिवळा डंपर दारात उभा करूनच आला. पानाने रंगलेलं तोंड, बोलणं साखरेत घोळलेलं. "काय बाबा, संप केलात की काय? तिकडे माणसं बोडक्या पहारी घेऊन दगडाला कुरवाळत बसलीत."

"सुनेला बरं नाही," म्हातारा म्हणाला.

"मला काही झालेलं नाही," सून उंबऱ्यातून म्हणाली. "धडधाकट आहे मी."

मुकादम हसला. त्याने वाकून खोलीत डोकावलं. खाटेवरच्याला म्हणाला, "कसा आहेस रे पहिलवान? जरा बघून गाडी चालवावी माणसाने. आपणच पडायचं आणि दुसऱ्याच्या नावाने शंख करायचा, हे बरं नव्हे. तालुक्याला वकील हुडकत फिरतेय म्हणे बायको. लोक हसतात."

नवऱ्याने उठायचा प्रयत्न केला. कोपरावर जोर दिला, पाय उशीवरून घसरला आणि तो कळवळून ओरडला. मुकादम दारातच उभा होता. त्याने "अरे अरे" केलं, पण हात पुढे केला नाही. सून धावली. तिने दोन्ही हातांनी पाय उचलून पुन्हा उशीवर ठेवला. नवऱ्याचं तोंड घामाने भिजलं होतं, आणि तो घाम दुखण्याचा कमी आणि लाजेचा जास्त होता.

"आणि वकील करून बोलणार कोण?" मुकादम बाहेर येऊन म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाला. "गाडी सरळ तुम्हीच केलीत ना, बाबा? मग? तुमच्या हातचंच काम. सुनेला समजवा. उद्या माल न्यायला गाडी पाठवतो."

म्हाताऱ्याने तो हात खांद्यावरून काढला. झटकला नाही, नुसता बोटं धरून उचलला आणि बाजूला सोडला, जशी सांडशीतून वस्तू सोडावी. "माल असाच घेऊन जा," तो म्हणाला. "बोथटच. आत्ता."

"काय म्हणता?"

"पोती उचल म्हटलं. वाट अडलीय आमची."

मुकादमाचं हसू ओसरलं. खाणीचं काम गेलं तर या घराची चूल कशावर पेटणार, हे त्याने जाता जाता चांगलं खणखणीत ऐकवलं, म्हणजे सगळ्या आळीला ऐकू गेलं. डंपरमध्ये पोती आदळली. धूळ उडवत तो गेला तेव्हा म्हातारा ऐरणीला टेकून उभा होता.

"उद्या जाऊ," तो सुनेला म्हणाला. "तुझ्या त्या बाईकडे."

तिला इतकं हायसं वाटलं की तिने त्या संध्याकाळी म्हाताऱ्याच्या पायांना तेल लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईने कागद पुढे ओढला. "सावकाश सांगा. गाडी घरी कुणी आणली?"

"मुकादमाने. डंपरमध्ये घालून."

"त्याच डंपरमध्ये?"

"दुसऱ्या. सगळे पिवळेच."

"नवे भाग?"

"त्यानेच आणले. म्हणाला, मालकांना वाईट वाटतंय, माणुसकी म्हणून देतायत. जुनं भंगार मीच नेतो म्हणाला. मडगार्ड नेलं, दिव्याचे तुकडे वेचून नेले. कॅरिअर तेवढं जुनंच होतं, ते सरळ करून बसव म्हणाला."

"तुम्ही केलंत."

"केलं." म्हाताऱ्याने घसा खाकरला. "कॅरिअरवर रंग होता. पिवळा. असा ओरबाडून बसलेला. तो घासून काढ म्हणाला."

बाईचं पेन थांबलं. "काढलात?"

"काढला. पॉलिशपेपरने. मग वर काळा मारला."

"आजोबा, सरळ करण्यात रंग घासणं येत नाही. तुम्हाला कळलं नाही तो रंग कसला ते?"

खोलीत झेरॉक्सच्या मशीनचा आवाज येत होता. सून त्याच्या तोंडाकडे बघत होती. नाही म्हणा, तिला वाटलं. नाही कळलं म्हणा, म्हातारा माणूस, घाबरलो म्हणा.

"कळलं," म्हातारा म्हणाला. "न कळायला काय झालं. त्याने सांगितलं, खाणीचं काम जन्मभर तुझ्याकडे राहील, पोराला वर काही मिळेल. नाहीतर दुसरा लोहार बघतो. मला वाटलं, पाय काय, जुळेल. काम गेलं तर परत येणार नाही."

"हे कधीचं? कोणत्या दिवशी?"

म्हाताऱ्याने सुनेकडे बघितलं नाही. "ज्या दिवशी पाय चिरून सळी घातली त्याच दिवशी. पोलीस यायच्या आत झालं पाहिजे म्हणाला. पोराला आत नेलं आणि मी घरी गेलो."

तिला तो दिवस आठवला. हॉस्पिटलचा तो लांब बोळ. नवऱ्याला आत नेलेलं, दार बंद झालेलं, आणि तिच्याजवळ कुणी नव्हतं. नर्स येऊन विचारायची, घरचं कुणी मोठं माणूस आहे का, आणि ती सांगायची, सासरे पांघरूण आणायला गेलेत, येतील आता. येतील आता, येतील आता. म्हातारा संध्याकाळी आला. काखेत खरंच पांघरूण होतं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला होता, आणि तो हात स्वच्छ होता, साबणाने नखांपर्यंत घासून धुतलेला. लोहाराचा हात तिने इतका स्वच्छ कधी पाहिला नव्हता. तेव्हा तिला वाटलं होतं, हॉस्पिटलात यायचं म्हणून धुतला असेल.

वकीलबाईने लिहिलेलं वाचून दाखवलं. म्हाताऱ्याने खाली सही केली. "केस उभी राहते," बाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच जरा मऊ झाला होता. "सोपी नाही. यांनाही तिथे सोलून काढतील. पण उभी राहते. मी घेते."

इतके उंबरे झिजवून, इतक्यांची तोंडं बघून अखेर वकील मिळाला होता. सुनेला आनंद व्हायला हवा होता. तिने बाईला नमस्कार केला, पायरी उतरली आणि सरळ चालायला लागली. मागून म्हातारा येतोय की नाही हे तिने वळून पाहिलं नाही.

नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. लपवायचं कशाला? त्याने ऐकलं. बराच वेळ तो नखाने भिंतीचा पोपडा काढत राहिला. मग म्हणाला, "मला शुद्ध आली तेव्हा मी आधी बाबांनाच हाक मारली होती."

"माहीत आहे. मीच होते तिथे."

दुसऱ्या दिवशी एका मेंढपाळाची कुऱ्हाड आली. खाणीचं काम गेलं होतं, आता असं सुटंसुटं जे येईल ते. म्हाताऱ्याने भट्टी फुलवली. सुनेला त्याने हाक मारली नाही, पण ती आपली आली, पदर खोचला आणि घण घेऊन उभी राहिली. बोलीप्रमाणे. त्याने लाल झालेली कुऱ्हाड सांडशीत धरून ऐरणीवर आणली आणि हातोडीने पात्यावर टक् केलं.

घण पडला. टक्, घण. टक्, घण. बरोबर तिथल्या तिथे, एकही घाव इकडचा तिकडे नाही. ठिणग्या म्हाताऱ्याच्या मनगटावर उडत होत्या. पातं पसरलं, धारेला पातळ झालं, हवं तेवढं झालं. लाल रंग उतरून काळा पडू लागला.

म्हाताऱ्याने हातोडी नुसत्या ऐरणीवर वाजवली. थांब.

घण पडला.

त्याने पुन्हा वाजवली, जोरात. पात्याला कडेला चीर गेली. तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते, आणि घण वर जाऊन खाली येत होता, आणि गार लोखंडाचा झणझणाट सांडशीतून म्हाताऱ्याच्या खांद्यापर्यंत जात होता. तो सांडशी सोडून बाजूला होऊ शकला असता. त्याने सोडली नाही. तो तिसऱ्यांदा हातोडी वाजवायलाही गेला नाही, नुसता धरून बसला.

भिंतीपलीकडून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, थांबायला सांगतायत ते!"

"ऐकू आलं मला," ती म्हणाली आणि तिने घण पुन्हा उचलला.